उणे दोन, उणे तीन

३ नोव्हेंबर, मंगळवार

आठवी ‘ब’ने आज डोकं उठवलं. गणित एवढंसं: उणे तीन क्ष हे बारापेक्षा लहान, तर क्ष केवढा? दोन्ही बाजूंना उणे तीनने भागायचं आणि भागता भागता मधलं चिन्ह उलटं करायचं. क्ष उणे चारपेक्षा मोठा. झालं. पण जवळजवळ अख्ख्या वर्गाने ‘लहान’च ठेवलं. अठरा वर्षं घसा फोडून तेच सांगतेय, ऋण संख्येने भागलं की चिन्ह फिरतं. पोरं घडाघडा पाठ म्हणतात आणि फळ्यापाशी आली की विसरतात.

मी खडू टाकला आणि खुर्चीत बसले. समोर थोआ, ती डोळे मिटून पेंगणारी. तिला उगाच विचारलं, “घरात तुला काय म्हणतात गं?” म्हणाली, “दहा.” वर्ग हसला. मी म्हटलं, “आणि तुमच्या घरातली थोरली?” “दोन.” “मग दोन मोठी की दहा?” आता कुणी हसेना. “घरात दोन मोठी, बाई,” थोआ म्हणाली, “फळ्यावर दहा.”

आणि माझं मलाच लख्ख दिसलं. घर म्हणजे काय, तर प्रत्येकाच्या नंबरापुढे एक उणे चिन्ह. उणे दोन मोठी, उणे दहा लहान. आमच्या मुलखात तर पोर बोलायला लागल्यापासून हे जाणतं. दोनला मान, तीनने तिचं ऐकायचं, चारने दोघांचं. एक कुणाच्याच घरी नसतो, थोरल्यापासूनच दोन सुरू होतं, तेही बरंच. मी पोरांना उठवून भिंतीशी रांगेत उभं केलं, ज्याचा त्याचा घरचा नंबर घेऊन. आधी साधे आकडे. मग म्हटलं, आता सगळ्यांना उणे एकने गुणते. अख्खी रांग उलटी फिरली. धक्काबुक्की, आरडाओरडा, पण नंतर दिलेलं गणित एकाचंही चुकलं नाही.

“म्हणूनच मला घरी कुणी काही विचारत नाही,” थोआ जाता जाता म्हणाली. कार्टी एरवी झोपते, पण डोकं आहे.

घरी आल्यावर धाकटीला सगळं सांगितलं. ती मासा साफ करत होती. म्हणाली, “ताई, हे मी तुला विचारलं होतं. आठवतं?”

आठवतं की. पाच वर्षांची होती. जेवताना हट्टाला पेटली: तू दोन, मी तीन, आणि तीन दोनपेक्षा मोठे असतात, मग मोठा तुकडा मला का नाही? मी म्हटलं, “तू तीन नाहीसच मुळी. तू धाकटी. धाकटीला नंबर नसतो.” दुपारभर रडत होती. आई म्हणाली, अगं तीन म्हण तिला, काय बिघडतंय. पण एकदा ऐकलं की डोक्यावर बसतात. तेव्हापासून ती धाकटीच, घरात, गल्लीत, आता शाळेतसुद्धा ‘धाकट्या बाई’. आठवून मला हसू आवरेना. ती मासा धूत राहिली.

८ नोव्हेंबर, रविवार

विन्ह सरांनी काल बोलावून घेतलं. मुख्याध्यापक झाल्यापासून त्यांनी मला खुर्ची दिली ती पहिल्यांदाच. प्रांताच्या नमुना-पाठ स्पर्धेला आमच्या शाळेतून मी जायचं, ३ डिसेंबरला, नदीपलीकडे काओ लान्हला, पाठ हाच. पहिल्या आलेल्या पाठावर शिक्षकाचं नाव घालून तो मार्गदर्शिकेत छापतात आणि सगळ्या शाळांना पाठवतात. मी दोनदा जाऊन हात हलवत परत आलेय. या वेळी नाही. या वेळी माझ्याकडे असं काही आहे जे पुस्तकात नाही. माझं नाव छापलेलं मला एकदा बघायचंय, बस.

विन्ह सर असंही म्हणाले, की पहिल्या येणाऱ्याने बदली मागितली तर ती आधी मंजूर होते. मी म्हटलं, मला कुठे जायचंय? सा देकमध्ये जन्मले, इथेच हाडं जातील.

रात्रीच्या जेवणात धाकटीला सांगितलं. तिने वाटी खाली ठेवली आणि विचारलं, “बदली? कुठेही?” म्हटलं, “कुठेही. पण आपल्याला काय त्याचं?” ती म्हणाली, “बरोबर आहे.”

पोरांच्या गळ्यात अडकवायला पुठ्ठ्याचे आकडे ती करून देणार आहे. अक्षर तिचं माझ्यापेक्षा देखणं. सगळा पाठ पायरी-पायरीने तिला समजावून सांगितला, म्हणजे तालमीत मदत होईल. प्रश्न भलते विचारते पण चांगले विचारते. हिला मी घडवलंय. आई गेली तेव्हा सात वर्षांची होती, वेणी घालण्यापासून ते विन्ह सरांकडे शब्द टाकून तिला याच शाळेत चिकटवण्यापर्यंत सगळं मी केलं.

दुपारी त्या कान थो शहरातल्या थिएनचा पुन्हा फोन, धाकटीसाठी. मी “राँग नंबर” म्हणून ठेवून दिला. दर वेळी तेच करते, तरी याला कळत नाही. मास्तर आहे म्हणे, पण चिवट. धाकटीला सांगत नाही, उगाच तिचं चित्त उडतं. तिच्या मनात लग्नबिग्न काही नाही. विचारायला कशाला हवं, मला ठाऊक आहे ना.

१४ नोव्हेंबर, शनिवार

तालीम झाली. विन्ह सर मागच्या बाकावर, धाकटी त्यांच्या शेजारी. पोरं आकडे अडकवून नवरदेवासारखी उभी. सगळं सुरळीत चाललं होतं आणि मधेच थोआने हात वर केला.

“बाई, आमच्या घरी माझ्यामागे एक भाऊ आहे. तो धाकटा. त्याला नंबरच नाही. त्याला कुठे उभं करायचं?”

मी म्हटलं, “धाकटे या पाठात नाहीत. बस खाली.”

ती बसली. पुढचं सगळं नीट झालं, मीच बघते ना, चुकलं कुठे काही नाही. पण विन्ह सरांनी काहीतरी टिपून घेतलं आणि जाताना नुसतं “बरं आहे” म्हणाले. बरं आहे म्हणजे काय? बरं पेजेला म्हणतात.

घरी येताना धाकटी म्हणाली, “ताई, तू तिला बसवलंस.”

“मग काय करणार? नंबर नाही म्हटल्यावर रेषेवर जागा कुठली?”

“नंबर असतो. लावत नाहीत एवढंच.”

मी म्हटलं, “उगाच फाटे फोडू नकोस, घरी जाऊन भात टाक.” तिने टाकला. ही मुलगी उलट उत्तर देत नाही, हे तिचं मला फार आवडतं.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

धाकटी शाळेतून उशिरा आली. विन्ह सरांकडे काम होतं म्हणाली. शिक्षक दिनाच्या सजावटीचं असणार. मी शेवग्याच्या पाल्याचं पातळ सार ठेवलं होतं, तिने ते संपवलं आणि माझ्याकडे बघत बसली. म्हटलं, “काय गं?” म्हणाली, “तुझे केस पांढरे व्हायला लागले.” मग स्वतःहून माझ्या डोक्याला तेल लावून दिलं. किती दिवसांनी.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

शिक्षक दिन. हातात शेवंतीचे एवढे गुच्छ होते की समोरचं दिसत नव्हतं. म्हणून मला आधी विन्ह सरांचा आवाजच ऐकू आला.

“दोनबाई, स्पर्धेला यंदा लोआनबाईंना पाठवतोय.”

लोआन कोण, हे कळायला मला क्षणभर लागलं. धाकटीचं कागदावरचं नाव. घरात ते कुणी घेतच नाही.

“त्या मंगळवारी आल्या होत्या. अख्खा पाठ माझ्यासमोर घेऊन दाखवला. त्या पोरीच्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पाठ तोच आहे, फक्त बाई वेगळ्या.”

पाठ तोच आहे. माझा पाठ, माझ्या वर्गात सुचलेला, माझ्या तोंडून तिने ऐकलेला. अंगाची लाही लाही झाली. गुच्छ मी कुठे ठेवले आठवत नाही. मंगळवारी. म्हणजे आधी तिकडे पाठ दाखवून आली, मग घरी येऊन माझं सार प्याली आणि माझ्या डोक्याला तेल लावलं. त्याच हातांनी.

ती घरी आली तेव्हा मी दारातच उभी होते.

“का केलंस?”

“मी तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?”

“नसते म्हणाले.”

“म्हणून.”

मी म्हटलं, “चोर आहेस तू. माझ्या ताटातलं खाल्लंस आणि माझ्याच ताटात हात घातलास. मागितलं असतंस तर जीव दिला असता मी.”

“जीव नको होता मला,” ती म्हणाली. “बदली हवी आहे. थिएनला दर वेळी राँग नंबर कोण सांगतं, ते मला ठाऊक नाही असं वाटतं तुम्हाला?”

तुम्हाला. सव्वीस वर्षांत ती मला कधी ‘तुम्ही’ म्हणाली नव्हती. शिवी दिली असती तरी एवढं लागलं नसतं. आमच्याकडे भांडण झालं की आधी हाक बदलते, हे मी गल्लीत किती घरी बघितलंय. आमच्या घरी होईल असं स्वप्नातही नव्हतं.

पाठ चोरला तो चोरला, वर थिएनचं खुसपट पुढे केलं. दोन गोष्टींचा संबंध तरी काय?

२१ नोव्हेंबर

भात एकीपुरता लावला. तिने तिचा वेगळा लावला.

२८ नोव्हेंबर, शनिवार

नियम असा, की स्पर्धकाबरोबर त्याच विषयाचा एक शिक्षक जावा लागतो. शाळेत गणिताच्या आम्ही दोघीच. विन्ह सर माझ्यापुढे हात जोडायचे तेवढे बाकी होते. म्हटलं, जाते. शाळेच्या नावासाठी. खरं सांगायचं तर मला तिला पडताना बघायचंय. इथे खोटं कशाला लिहू.

३ डिसेंबर, गुरुवार

पहाटेच्या तरीने नदी ओलांडली. ती पुढच्या टोकाला उभी, मी मागे, मधे केळ्यांचे घड आणि सायकली. आकड्यांची पिशवी तिने छातीशी धरली होती. वारा होता, तिने शाल घेतली नव्हती. मी माझी दिली नाही.

परक्या शाळेतला वर्ग, परकी पोरं, मागे परीक्षकांची रांग आणि कडेला मी. तिने सुरुवात माझीच केली. घरात थोरल्याला काय म्हणतात? दोन. दोन मोठा की सात? शब्दन्‌शब्द माझा, मधे थांबायची जागासुद्धा माझी. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अहो हे माझं आहे. मी पेन घट्ट धरून बसले.

पोरं रेषेवर उभी राहिली. एकटा बाकावर उरला, किडकिडीत, कानात मळ.

“तू का नाही उठलास?”

“मी धाकटा आहे, बाई. मला नंबर नाही.”

“तुझ्या वरची कोण?”

“आठ.”

“मग तू नऊ. घे. उणे आठच्या डावीकडे जाऊन उभा राहा. इथून पुढे रेषा संपत नाही, तुझ्यामागेही जागा आहे.”

तिने त्याच्या गळ्यात नऊ अडकवला. पोरगं असं ताठ चालत गेलं की परीक्षकसुद्धा हसले. मग पुढच्या बाकावरच्या एका भवानीने विचारलं, “बाई, तुमचा घरचा नंबर काय?”

ती माझ्याकडे बघेल असं वाटलं. बघितलं नाही. पिशवीतून एक पुठ्ठा काढून तिने स्वतःच्या गळ्यात घातला आणि म्हणाली, “तीन. मी घरी तीन आहे.”

माझ्या हातून पेन पडलं. घरंगळत परीक्षकाच्या पायाशी गेलं, त्याने उचलून दिलं. पाठ चोरला ते एक वेळ समजू शकते. पण हे? आमच्या घरात तीन कुणी नाही. भर वर्गात, परक्यांसमोर, तिने मला खोटं पाडलं.

शेवटचं गणित तिने फळ्यावर लिहिलं: उणे दोन क्ष हे सहाएवढं किंवा सहापेक्षा लहान. दोन्ही बाजूंना उणे दोनने भागलं. मी मनात म्हणत होते, विसर. चिन्ह फिरवायला विसर. घाम फुटला आहे तुला, विसर. खडू थांबला. मग तिने चिन्ह फिरवलं. क्ष उणे तीनएवढा किंवा उणे तीनपेक्षा मोठा.

कशी विसरेल? सहावीत असताना चिन्ह विसरली की मी हातावर पट्टी मारायची. माझी शिकवणी आहे ती.

परतीच्या तरीत ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. म्हणाली, “कसा झाला?” मी म्हटलं, “तुमचा पाठ, तुम्हाला माहीत.” ती पुन्हा पुढच्या टोकाला निघून गेली. मी तिच्याकडे बघितलंच नाही, त्यामुळे रडत होती की वाऱ्याने डोळे पुसत होती ते सांगता येणार नाही.

१२ डिसेंबर, शनिवार

पहिली आली. मार्गदर्शिकेत ‘लोआन’ असं छापून येणार. बाजारात नूडलवाली म्हणाली, “दोनताई, तोंड गोड करा, बहीण तुमचीच ना.” मी म्हटलं, माझ्या वाडग्यात पातीचा कांदा जास्त टाक आणि गप्प बस.

२७ डिसेंबर, रविवार

गेली. बदली कान थोला झाली. लग्न टेट सणानंतर करणार आहेत म्हणे, मला आमंत्रण तोंडी मिळालं. थिएन मोटारसायकल घेऊन फाटकाबाहेर उभा होता, मी आत बोलावलं नाही. बारीक माणूस आहे. फोनवर आवाज मोठा वाटायचा.

तिने आईच्या फोटोपुढे उदबत्ती लावली, बराच वेळ उभी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “ताई, येते.” तुम्ही नाही म्हणाली, तूही नाही. दोन्ही टाळून वाक्य केलं. हुशार आहेच.

“घर उघडं आहे,” मी म्हटलं. “धाकटीला कधी कुणी हाकललेलं नाही.”

एवढं चांगलं बोलले मी, त्यावर नुसती मान खाली घातली. उपकाराची जाण म्हणून काही असते की नाही?

आकड्यांचे पुठ्ठे टेबलावर ठेवून गेली. लावून बघितले. दोन आहे. चारपासून पुढचे सगळे आहेत.

१२ जानेवारी, मंगळवार

आठवी ‘क’ला तोच धडा घ्यावा लागला. मी जुन्या पद्धतीनेच घेतला: भागलं की चिन्ह फिरतं, लिहून घ्या, पाठ करा. एक पोरगा म्हणाला, “बाई, तीनबाई उभं करून शिकवायच्या तसं शिकवा ना.”

“कोण तीनबाई?”

“तुमच्या बहीण. सगळे तसंच म्हणतात आता.”

मी त्याला तासभर उभं केलं. एकट्याला.

१५ फेब्रुवारी, सोमवार

चांद्र वर्षाचा शेवटचा दिवस. उद्या टेट. सकाळपासून घर धुतलं, देव्हाऱ्यावर सीताफळ, नारळ, पपई, आंबा मांडला, आईच्या फोटोची काच पुसली. नारळपाण्यात डुकराचं मांस आणि अंडी शिजत ठेवली. पातेलं नेहमीचंच घेतलं, अंडीही नेहमीएवढीच टाकली गेली. एकटीला संपायची नाहीत, पण हात सवयीचा.

दुपारी फोन वाजला. हात ओले होते, पुसता पुसता उचलला.

“हॅलो. कोण?”

पलीकडे कुठेतरी मोटारसायकल सुरू झाली, बंद पडली. श्वास ऐकू आला. तो श्वास मी ओळखत नाही असं होईल का? सात वर्षांची असल्यापासून शेजारी झोपलीय.

“तीन बोलतेय,” ती म्हणाली.

‘जेवलीस का’ असं विचारायला तोंड उघडलं होतं. अगदी ओठांवर होतं. पण तीन. आजच्या दिवशीसुद्धा तीन. एक शब्द मागे घेतला असता तर काय बिघडलं असतं तिचं?

“इथे तीन कुणी नाही,” मी म्हटलं. “राँग नंबर.”

आणि ठेवला.

पुन्हा लावेल. चिडली की आधी तोडते आणि मग येते, लहानपणापासूनची खोड आहे. आता लावेल आणि ‘धाकटी बोलतेय’ म्हणेल, मग मी बोलेन. अंडी छान मुरलीत तेही सांगेन. नवऱ्या मुलालाही घेऊन ये म्हणेन, हवं तर. स्टूल फोनजवळ ओढून घेतलंय आणि इथेच बसून लिहितेय.

चार वाजून गेले. मधे एकदा उचलून बघितला, घरघर येतेय. सणासुदीला लाइनी खराबच असतात.